बसून उतरणारी आत्या

माझ्या आत्याइतकी भित्री बाई नगर जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही, आणि जिल्ह्यातला एकही डोंगर तिने सोडलेला नाही. ती बेलापूरला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. पाल दिसली की वर्ग सोडून बाहेर यायची, झोपाळ्यावर कधी बसायची नाही, रिक्षा जोरात वळली तर शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरायची. आणि रविवार उजाडला की हीच बाई खांद्याला पिशवी अडकवून एसटी स्टँडवर हजर. आमच्या केडगावच्या घरात कुणाला ताप आला तरी तो दोन दिवस सांगत नाही. आत्या मात्र आपली भीती भेटेल त्याला सांगून मोकळी व्हायची. चढण सुरू होण्याआधी ती गावातला एखादा माणूस गाठायची आणि विचारायची, "दादा, पडले तर कुठं पडेन?" तिला वाट नको असायची, पडायची नेमकी जागा हवी असायची. ती जागा दिसली, तिथं काटे आहेत की माती हे पाहून झालं, की ती निवांत चढायला लागायची. डोंगरगणला एक म्हातारा तिला म्हणाला, "पडायचंच हाय तर घरी पडा की, बाई. इतक्या लांब कशाला आला?" तिने त्याचं म्हणणं मनापासून ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पण इथं पडले तर?"

उतरताना तिचं आणखी वेगळं. ती बसून उतरायची. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं आणि पायाखालून सरकतं. बाकीचे लोक ऐटीत उभ्याने उतरत, अर्ध्या वाटेत आपटत आणि कुणी पाहिलं का म्हणून मागे बघत. आत्या पहिल्यापासून बसलेलीच असायची. "शेवटी जिथं पोचायचं असतं तिथून मी सुरुवात करते," असं तिचं म्हणणं. त्यासाठी भिंगारच्या बाजारातून तिने लष्करी तंबूचं जुनं कापड आणलं होतं आणि त्याचं हातभर ठिगळ सलवारीला मागच्या बाजूने चौफेर दुहेरी शिलाई घालून लावलं होतं. शिलाई इतकी सुबक की शाळेत नमुना म्हणून दाखवावी. ठिगळ मात्र अर्ध्या मैलावरून दिसायचं.

माझं शिक्षण संपलं त्या वर्षी दिवाळीनंतरच्या सोमवारी मला एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून रुजू व्हायचं होतं. घराण्यातली मी पहिली इंजिनिअर, आणि तिथल्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, जाणारी पहिलीच मुलगी. पप्पांनी नेमणुकीचं पत्र बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं होतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, छताजवळच्या क्रेनची पाहणी करायला उभ्या शिडीने चढावं लागतं, जमेल का? मी छान इंग्रजीत सांगितलं की जमेल. खरं म्हणजे आमच्या गच्चीच्या कठड्याजवळसुद्धा माझे तळहात ओले व्हायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरी नाकारणारं एक पत्र मात्र इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. टाकायचं की नाही, हे ठरत नव्हतं, आणि दिवस तर उरले होते बारा.

अशा वेळी आत्या आली आणि म्हणाली, "एकदा नोकरी लागली की रविवार कपडे धुण्यात जातो. चल, कळसूबाईला जाऊ." मला नाही म्हणता आलं नाही. मला कुणालाच ते म्हणता येत नसे. तोंडाने जमत नाही म्हणून तर ते पत्र लिहिलं होतं. राजूरला एसटीतून उतरताना मागून एक बाई म्हणाली, "ताई, तुमच्या ड्रेसला काहीतरी लागलंय." माझ्या जांभळ्या सलवारीला हिरवट खाकी ठिगळ होतं. आत्याने आदल्या संध्याकाळी इस्त्रीसाठी म्हणून ती नेली होती.

"हे काय केलंस?"

"तुझ्या मापाचं केलंय. बघ, कोपरे कसे बसलेत."

बारी गावापासून मी ओढणी मागे सोडून चालले. शिखराअलीकडे लोखंडी शिडी आहे. पुढे वाट दाखवणारे गावातले काका, मग मी, मग आत्या. सातव्या-आठव्या पायरीवर माझे हात दांड्याला चिकटले. वर जाता येईना, खाली बघता येईना. वरून काका म्हणाले, "थांबल्या का वो?" मी म्हणाले, "काही नाही, सहज."

"सहज नाही," आत्या खालून म्हणाली. "पाय कापतायत तुझे, शिडी वाजतेय. विचार, पडले तर कुठं पडेन."

मी दांडा आणखी घट्ट धरला.

"बोला की, ताई," काका म्हणाले. "हितं कोन ऐकतंय? लई मानसं रडल्यात या शिडीवर."

शेवटी मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"माझ्यावर पडशील," आत्या म्हणाली. "मी मऊ आहे. पुढचा पाय टाक."

वर देवळाच्या आडोशाला बसून मी तिला क्रेनचं सगळं सांगितलं. ती भाकऱ्या सोडत होती. "मग जाऊन हेच विचार तिथं," ती म्हणाली, "आणि चटणीला कागद दे काहीतरी." पर्समध्ये एकच कागद होता. मी तो कोरी बाजू वर करून पसरला. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल हळूहळू माझ्या सुबक इंग्रजीपर्यंत उतरलं. परतताना कॉलेजच्या पोरांचा एक घोळका वर येत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघी ओळीने बसून खाली गेलो.

कारखान्यात तिसऱ्या दिवशी मी क्रेनच्या शिडीखाली उभी राहिले आणि क्रेन चालवणाऱ्या चाचांना विचारलं, "चाचा, इथून पडले तर कुठं पडेन?" मागे दोघे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं, मग खाली. शिडीच्या बरोबर खाली लोखंडाच्या धारदार तुकड्यांची गाडी उभी होती. "इतकी वर्षं झाली, मॅडम, हे कुणी विचारलंच न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी ती गाडी हलवायला लावली. मग मी चढले. तळहात ओलेच होते, आजही होतात.

आत्याचे गुडघे आता गेले. डॉक्टरांनी डोंगर बंद केले, तेव्हा तिने शिडी तरी चालेल का म्हणून विचारलं होतं. गेल्या दिवाळीला आमच्या दाराच्या तीन पायऱ्या तिला उतरवेनात. रस्त्यावर माणसं होती. तिने पदर खोचला आणि वरच्या पायरीवर बसली. मी जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"पडले तर कुठं पडेन?" तिने विचारलं. तिचा आवाज जरा बारीक झाला आहे.

"माझ्यावर."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबून पाहिलं. "तू फार हाडकुळी," ती म्हणाली, "लागेल मला." पण हात काही काढला नाही.