बॉडीला मायनस

लासूर स्टेशनच्या अलीकडं सहा किलोमीटरवर सोमनाथचं गाव. त्या गावात दोन सख्खे भाऊ एकाच भिंतीच्या दोन अंगाला राहून चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, यात सांगण्यासारखं खरं तर काही नाही. असे भाऊ पैशाला पासरी मिळतील. पण या दोघांचा ट्रॅक्टर एक होता. जमीन वाटता येते, घरात भिंत घालता येते, भांडीसुद्धा मोजून देता येतात. ट्रॅक्टरचं काय करणार? पुढची चाकं तुला आणि मागची मला?

शेवटी मामा मध्ये पडले आणि त्यांनी पाळी ठरवून दिली. एक आठवडा थोरल्या सोमनाथचा, एक आठवडा धाकट्या कृष्णाचा. सोमवारी सकाळी एकानं ट्रॅक्टर चावडीपुढच्या लिंबाखाली आणून लावायचा आणि तासाभरानं दुसऱ्यानं घेऊन जायचा, म्हणजे तोंडाला तोंड नको. काही सांगायचं असलं तर टूलबॉक्समध्ये चिठ्ठी ठेवायची. "ऑइल बदललं." "डाव्या चाकात हवा कमी." वर नाव नाही, खाली सही नाही. सोमनाथ वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा, त्यामुळं त्याचं अक्षर सरळ रेघेत. कृष्णा खताच्या पावतीमागं वेडंवाकडं खरडायचा. चार वर्षांत दोघांमध्ये बोलणं म्हणून झालं ते एवढंच. याची लाज वाटायला पाहिजे होती, पण सोमनाथला ती वाटत नव्हती.

भांडण म्हणाल तर ते बांधावरून नव्हतं की बायकांवरून नव्हतं. त्यांची आई, मालनबाई, आजारी पडली तेव्हा कृष्णा म्हणाला, "तिला घरीच राहू दे." सोमनाथनं ऐकलं नाही. गाडी करून तिला शहरात नेलं, गारखेड्यातल्या एका दवाखान्यात ठेवलं. अकरा दिवस तो एकटा तिच्या उशाशी होता. बाराव्या दिवशी आई तिथंच गेली. अंगणात गाडी येऊन थांबली तेव्हा कृष्णा सगळ्या भावकीदेखत म्हणाला, "नेलीस ना? आण आता परत."

त्यानंतर दोघांच्याही तोंडाला कुलूप लागलं. सोमनाथ त्या दिवशी रडला नाही आणि दहाव्यालाही रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे दगड. त्याची बायको आशाबाई महिनोन्‌महिने म्हणत राहिली, "अहो, एकदा रडून तरी घ्या." मग तीही थकली. तो कंपनीच्या बसनं जायचा, बेअरिंगं मोजायचा, घरी येऊन पुढ्यात येईल ते जेवायचा. भाजी अळणी झालीय, हे आशाबाईनं स्वतः चाखून सांगितलं तरच त्याला कळायचं. दुःख होतं असंही नाही. काही नव्हतंच. कुणी विचारलं, कसं काय, तर तो "चाललंय" म्हणायचा आणि खरोखर चाललेलंच असायचं.

तर तो ट्रॅक्टर. वडील अप्पारावांनी घेतलेला, लाल रंग उडून विटकरी झालेला, वय विचारू नये असा. इंजिन अजून खणखणीत, पण डायनामो पार थकला होता. ट्रॅक्टर चालता चालता बॅटरी चार्ज करायची हे त्याचं काम, ते तो कधीच विसरून गेला होता. दर दोन दिवसांनी ढकलस्टार्ट. यंदा गव्हाच्या पेरणीच्या तोंडाशी सोमनाथची पाळी होती, म्हणून त्या रविवारी तो ट्रॅक्टर घेऊन लासूर स्टेशनला फकिराकडं गेला. फकिरा म्हणजे तिथला वायरमन, गाड्यांच्या बॅटरी-वायरिंगचं काम करणारा. तोंड आणि हात दोन्ही सारखेच चालणारा माणूस.

"सोमनाथभाऊ, हा डायनामो मी आजवर सहा वेळा आतली तार बदलून भरला," फकिरा म्हणाला. "आता याला सोडा बिचाऱ्याला. अल्टरनेटर टाकू. जिंदगीभर कटकट नाय."

"टाक."

फकिरानं डायनामो उतरवला, लोखंडी पट्टी कापून नवीन ब्रॅकेट बनवली, अल्टरनेटर बसवला, पट्टा ताणला, जुनी वायर फेकून नवी जाड वायर ओढली. दुपार झाली. सोमनाथ बाकड्यावर बसून सगळं बघत होता, म्हणजे डोळे तिकडं होते एवढंच. मग फकिरा हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता कान इकडं करा. तुमच्या वडलांच्या वेळेपासून या ट्रॅक्टरला बॅटरीचा प्लस बॉडीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जोडलेला होता. जुन्या गाड्यांचं तसंच असायचं. अल्टरनेटरला ते चालत नाय. मी फिरवून घेतलंय, आता बॉडीला मायनस. कुणी जुन्या सवयीनं प्लस लावला की खेळ खतम. वायरीसकट जळंल."

"हं."

"हं नाय. कृष्णाला सांगा. तो बॅटरी काढतो ना?"

काढायचाच. रानात उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या हल्ली चोरीला जातात, म्हणून कृष्णा काम अर्धं राहिलं की ट्रॅक्टर रानातच सोडायचा आणि बॅटरी तेवढी मोटारसायकलवर घरी आणायचा. सकाळी नेऊन परत जोडायचा. त्याला बघावंही लागायचं नाही, कारण बॅटरीच्या पेटीवर, बॉडीची वायर येते त्या बाजूला, अप्पारावांनी लाल ऑइलपेंटमध्ये बोट बुडवून मोठा अधिक काढून ठेवला होता. दोन्ही पोरं लहानपणी त्या खुणेवरच बॅटरी जोडायला शिकली होती.

फकिरा पत्रा घेऊन ती खूण खरवडायला लागला.

"राहू दे," सोमनाथ म्हणाला. "मी करतो घरी."

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वडलांच्या बोटाची रुंदी त्या रंगात दिसत होती, आणि ते फकिरानं खरवडावं असं काही त्याला वाटेना. फकिरानं खांदे उडवले आणि पुन्हा एकदा बजावलं, "भावाला सांगा बरं का!"

संध्याकाळी सोमनाथ चिठ्ठी लिहायला बसला. "डायनामो काढला. अल्टरनेटर बसवला." इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. पुढची ओळ फार तर पाच शब्दांची होती. पण त्याच्या मनात आलं की हे चिठ्ठीत कशाला, हे तोंडानं सांगावं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं असं काहीतरी होतं जे भावाला सांगणं भाग होतं आणि ज्यावरून भांडण निघूच शकत नव्हतं. यात वाटणी नव्हती, आई नव्हती. तो म्हणेल, "कृष्णा, बॉडीला मायनस आहे आता." कृष्णा विचारेल, "काहून?" मग तो समजावून सांगेल. दोन मिनिटं तरी जातील. दोन मिनिटांची हाव सुटली हो त्याला, आणि त्या हावेपायी त्यानं चिठ्ठी तेवढ्यावरच घडी केली.

तो भिंतीच्या टोकाला, जिथं जायला-यायला फट ठेवलेली आहे, तिथं जाऊन उभा राहिला. कृष्णा ओसरीवर फोन कानाला लावून येरझारा घालत होता. "हा… हा… बघू ना… हा…" चाललं होतं. सोमनाथ थांबला. बराच वेळ थांबला. कृष्णानं पाठ फिरवली आणि बोलतच राहिला, तेव्हा सोमनाथ परत आला.

"काय झालं?" आशाबाईनं विचारलं.

"फोनवर आहे."

सोमवारी पहाटे त्यानं ट्रॅक्टर लिंबाखाली लावला, ती अर्धी चिठ्ठी आत टाकली आणि कंपनीची बस धरली. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी कृष्णा घरी नव्हता. मग मंगळवारी सांगू. अरे बाबा, एक ओळ लिही की! बायकोला सांग, ती सांगेल भिंतीवरून! पण नाही. मंगळवारी त्याला फटीपर्यंत जायचाही कंटाळा आला. परत सगळं नेहमीसारखं झालं होतं, काही न वाटण्यासारखं.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला स्टोअरमध्ये आशाबाईचा फोन आला. "ट्रॅक्टर पेटला. कृष्णाभाऊजींचा हात भाजलाय. स्टेशनला नेऊन पट्टी करून आणलं."

कृष्णानं मंगळवारी ट्रॅक्टर रानात सोडला होता. सकाळी बॅटरी नेऊन तशाच राहिलेल्या खुणेवर जोडली आणि धूर निघाला. डिझेलच्या टाकीखाली वायर पेटली तेव्हा त्यानं ती उघड्या हातानं धरून उपटून काढली, म्हणून ट्रॅक्टर वाचला. तळहात मात्र सोलून निघाला.

सोमनाथ अर्धी सुट्टी टाकून निघाला. वाटेत त्याला काहीच वाटलं नाही, आणि याचीच पहिल्यांदा त्याला भीती वाटली. घरी पोचतो तोच कृष्णाची बायको उमा भिंतीच्या फटीतून आली. डोळे सुजलेले.

"दादा, यांच्या हातनं चूक झाली. तुम्ही एवढं नवीन सामान बसवलं आणि यांनी जाळलं. म्हणतेत, दादाला तोंड कसं दाखवू. तुम्ही त्यांना काही बोलू नका, पाया पडते."

घ्या! सुटला की! फकिरा सोडला तर कुणाला काही माहीत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सोमनाथ उमाच्या मागोमाग फटीतून पलीकडं गेला. चार वर्षांत पहिल्यांदा. कृष्णा खाटेवर बसला होता, उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. भावाला बघून तो उठायला लागला.

"दादा, ती बॅटरी मी…"

"तुझी चूक नाय. मला माहीत होतं. बॉडीला मायनस झालं होतं. फकिरानं दोनदा सांगितलं, तुला सांगा म्हणून."

कृष्णा परत खाटेवर टेकला. "मग लिहिलं काहून नाही?"

"मुद्दाम नाय लिहिलं."

"मुद्दाम?"

"तोंडानं सांगायचं होतं. तेवढंच निमित्त होतं मला. रविवारी आलो होतो, तू फोनवर होतास."

उमा दारातच थबकली. कृष्णा मांडीवरच्या पट्टीकडं बघत होता.

"बघितलं मी तुला," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आईचं काढणार. मला ऐकायचं नव्हतं. म्हणून फोन कानाला धरून ठेवला." तो थांबला. "फोनवर कुणी नव्हतं, दादा."

सोमनाथच्या पायापासून काहीतरी वर चढत आलं. तो राग आहे, हे ओळखायलाच त्याला एक क्षण लागला.

"गाढवा!" तो ओरडला. भिंतीपलीकडं आशाबाईच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. "हात गेला असता तुझा! पेटून मेला असतास! आईचं काढलं असतं तर काय झालं असतं? काय झालं असतं, सांग ना!"

कृष्णा मान खाली घालून बसला होता. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण थोरल्याचा ओरडा खाताना जशी मान घालायची तशीच घातलेली.

"काढ मग," तो म्हणाला. "आता काढ."

सोमनाथ खाटेच्या काठावर बसला. आवाज नीट निघेना, तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय.

"अकरा दिवस ती मला कृष्णा म्हणून हाक मारत होती," तो म्हणाला. "आणि मी व्हय आई म्हणत होतो."