मामांचं गूळ-पाणी

आमच्या सातारच्या मामांकडून उधारी वसूल करून नेणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं साऱ्या पेठेचं मत होतं. मामा शाळेत ड्रॉइंग मास्तर. लढाईच्या महागाईत त्यांचा पगार दहा तारखेलाच दम टाकी आणि मग वाणी, दूधवाला, कापडवाला असे सगळे दार ठोठावू लागत. इतर लोक अशा वेळी माळ्यावर चढून बसत. मामा मात्र ओसरीवर येऊन ‘या, उन्हाचे आलात’ म्हणत पुढ्यात गूळ-पाणी ठेवत. ज्याच्या घरचा गूळ तोंडात आहे त्याच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. वाणी तर एकदा मुलीच्या रुखवतासाठी मोराचं चित्र काढून घेऊन आनंदात परत गेला. तो गूळही त्याच्याच दुकानातला, उधारीवरचा.

बधले नाहीत ते फक्त कापडदुकानाचे म्हातारे दिवाणजी. ते छत्री धरून पायरीखालीच उभे राहत. “गूळ नगं मास्तर, पैसं द्या.” मामा मागाहून म्हणत, “माणूस सज्जन, पण गोडाचं वावडं.”

वैशाखातल्या एका दुपारी दिवाणजी आले ते घामानं निथळतच. “मास्तर, आज रिकाम्या हातानं आलास तर उद्यापास्नं येऊ नगंस, म्हनल्यात मालक. ह्या वयात मला कोन ठेवनार?” एवढं बोलून ते घेरी येऊन पायरीवर मटकन बसले. मामांनी त्यांना धरून ओसरीवर निजवलं, पाणी पाजलं, गुळाचा खडा तोंडात घातला. थोड्या वेळानं दिवाणजी सावध झाले, तोंडातला गूळ जाणवला आणि त्यांचा चेहराच उतरला. छत्री उचलून म्हणाले, “येतो मास्तर.”

मामांना ते सोसलं नाही. आत जाऊन त्यांनी सायकल बाहेर काढली. या सायकलीला ते मामींनाही हात लावू देत नसत. “ही विकून बाकी वळती करा म्हणावं.”

“आवं, पर मी मागितलं कुटं?”

“तेच तर. तुम्ही गुळाला जागलात, मी नको जागायला?”

दिवाणजींना सायकल चालवता येत नव्हती. मग मामाच एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्या हातानं त्यांच्यावर छत्री धरत भर पेठेतून दुकानापर्यंत गेले. दिवाणजींची नोकरी टिकली. मामा मात्र त्यानंतर कायम पायीच शाळेत जात आणि ‘चालल्यानं भूक चांगली लागते’ असं सांगत, जणू घरात धान्याची कोठारं भरली होती.

चारच वर्षांनी मामा गेले. तेराव्याला दिवाणजी आले आणि सवयीनं पायरीखालीच थांबले. मी गूळ-पाणी आणलं. या वेळी ते छत्री मिटून आपणहून वर चढले. “आता काय मागायचं न्हाई,” म्हणाले, आणि गुळाचा खडा तोंडात धरून मामांच्या जागेकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले.