पेशीवाल्या बाईंचा खोकला

टीबीवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना पेशीवाल्या बाई म्हणत. निम्मं आयुष्य काचसामान घासण्यात गेलं, तेव्हा कुठे त्यांना आतल्या बंद खोलीत जागा मिळाली. माणसाच्या पेशी ताटल्यांत वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाणं घालायचं, आणि सरांनी जंतू सोडले की काय होतं ते बघायचं. पेशींचं कौतुक तर असं, की विचारू नका!

एकदा जंतू सोडलेली ताटली बघून त्या म्हणाल्या, "सर, यांना काही झालेलं नाही. चांगल्या ठणठणीत आहेत."

सर हसले. "तीच तर या जंतूची लबाडी, बाई. पहारेकरी पेशी जंतूला गिळते, आणि तो तिच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. ती वेळेवर गपचूप मेली, तर बहुतेकदा तोही संपतो आणि बाकीच्यांना खबर लागते. म्हणून तो तिला मरू देत नाही. पिलावळ वाढली की मग फोडतो तिला, आणि शेजारणींत शिरतो."

बाईंनी मान डोलावली. कळलं सगळं, वळलं काही नाही!

खोलीचा नियम साधा होता. खोकला लागला की सांगायचं आणि बाहेर पडायचं. बाईंना लागला. पण बाहेर म्हणजे पुन्हा काचसामान, आणि गेलेली जागा परत कोण देतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. गालात गोळी धरायची, मास्कच्या आत ढास दाबायची. घरी म्हणायचं, हवा बदललीय. हातपाय चालताहेत ना, मग मला काय धाड भरलीय, अशी स्वतःचीच समजूत. एवढी शहाणी बाई, आणि ही अक्कल!

घरी लेक, जावई आणि लहानगी नात. नात आजीच्याच कुशीत झोपायची. तिला ताप आला, तो उतरेना. मग उलट्या सुरू झाल्या, मान ताठ झाली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला जुना खोकला? टीबी?"

"छे हो," लेक म्हणाली. "आई टीबीच्याच लॅबमध्ये आहे. काही असतं तर तिला आधी कळलं असतं."

किती अभिमानानं म्हणाली ती! बाईंना अजूनही गप्प बसता आलं असतं, पण मग पोरीला औषध चुकीचं गेलं असतं.

"मला आहे," त्या म्हणाल्या. "बरेच महिने झाले."

"आणि तू तिला कुशीत घेऊन झोपत होतीस?"

आजी-नातीची औषधं त्याच दिवशी सुरू झाली. बाईंची जागा गेली. लेकीनं वेगळं बिऱ्हाड केलं. बाई खडखडीत बऱ्या झाल्या, आणि त्याचीच त्यांना लाज वाटायची. पोर वाचली, पण उशीर झाला होता; टीबी तिच्या मेंदूपर्यंत पोचला होता.

लेकीनं शेवटी एकदा घरी येऊ दिलं. नात जमिनीवर पाठमोरी खेळत होती. बाईंनी दारातूनच हाक मारली, "चिमणे!" मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

"समोर जा तिच्या," लेक म्हणाली. "तिला ऐकू येत नाही, आई."