हिरवा भुसा

“आधी हात, मग तोंड,” असं म्हणत ती पोरांच्या हातात भोकं पाडलेला डबा द्यायची. बोलणं नंतर, आधी पाणी ओतायचं. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. शिकवताना दिसायची नाही, पण पोरं शिकलेली असायची.

तिसगावजवळच्या एका वाडीत ती आमच्या संस्थेची बालवाडी चालवायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या कचेरीत बसून लहान मुलांसाठी पर्यावरणाचे खेळ तयार करायचो. म्हणजे कागदावर काढायचो. तिने मात्र स्वतःच्या डोक्याने पत्र्याच्या दोन ताटांत मातीचे उतार केले होते. एक बोडका, दुसऱ्यावर मेथी पेरलेली. पोरं दोन्हींवर डब्याने पाऊस पाडायची. खाली एका वाटीत गढूळ पाणी, दुसरीत जवळजवळ निवळ.

“बाई, ह्याची माती कुटं गेली?”

“मला काय इचारतो? वाटीत हात घाल की!”

पुण्याहून पाहुणे यायचे ठरले. त्यांना खेळ पसंत पडला तर तो जिल्हाभर जाणार होता आणि तिची तात्पुरती नेमणूक कायम होणार होती. आदल्या दिवशी मी गेलो. मेथी विरळ, जेमतेम बोटभर. मला फोटोत हिरवंगार हवं होतं. मी मेथी उपटली आणि रांगोळीच्या रंगात घोळलेला लाकडाचा भुसा पसरला.

“सर, पोरं फसायची न्हाईत.”

“ताई, पाहुण्यांना दिसायला नको का काही?”

दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीने त्यावर डबा धरला. भुसा तरंगत खाली आला, मागोमाग माती. वाटीत हिरवा चिखल.

“बाई, गवताचा रंग गेला!”

पोरं हसली, पाहुणेही हसले. मग एकाने विचारलं, “हे कुणी केलं?”

मी चष्मा पुसत राहिलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाटी उचलली. “माजंच चुकलं, सायेब. मेथी लावायची हुती.”

तिने मला सांभाळून घेतलं, इथवर मी चारचौघांत सांगत आलो. पुढचं कधी सांगितलं नाही. त्या दिवसाचा अहवाल मी लिहिला. ‘सेविकेच्या निष्काळजीपणामुळे प्रात्यक्षिक फसले.’ महिन्याभरात बालवाडीवर दुसरी बाई आली.

खेळ पुढे छापून निघालाच. सूचना पहिली : ‘आठ दिवस आधी मेथी पेरावी.’ खाली, कल्पना म्हणून, माझं नाव.

बऱ्याच वर्षांनी धीर करून तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप. ओट्यावर ते ताट, त्यात कोवळी मेथी, खाली वाटी, शेजारी डबा.

शेजारीण म्हणाली, “बाई लेकीकडं गेल्या, कर्जतला. आता तिकडंच ऱ्हानार. जाताना पेरून गेल्यात, पोरं खेळतील म्हनून.”

मी डबा भरून मेथीवर धरला. वाटीत निवळ पाणी ठिबकायला लागलं.

“लेकीचा पत्ता दिऊ का, दादा?”

“नको,” मी म्हणालो, “येईन परत.”

गेलो नाही.