हवालदारकाकांचा पट्टा

मला नकला येतात. त्यात माझी काही मेहनत नाही, कुणाला कान हलवता येतात ना, तसं. आमच्या गावच्या, हातोदच्या शाळेत मी खिडकीबाहेरून हेडमास्तरांसारखा नुसता खोकलो, की आतला अख्खा वर्ग उभा राहायचा. पुढे कॉलेजसाठी इंदूरला आलो. जुनी इंदूर ह्या भागात एका बाखळीत, म्हणजे आतल्या बंद गल्लीत, वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि आठ दिवसांत सगळ्या बाखळीचे आवाज माझ्या गळ्यात जमा झाले. तेव्हा मला त्याचा फार तोरा होता.

बाखळीत नळ एकच. सकाळी तासभर पाणी. आणि नळाशी हवालदारकाका. संस्थानच्या पोलिसात ते हवालदार होते. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं आणि नव्या सरकारनं त्यांना घरी बसवलं. पण ते घरी बसले नाहीत. धोतर, बंडी आणि बंडीवर नोकरीतला चामड्याचा पट्टा, पितळी बकलचा, अशा थाटात रोज नळाशी उभे.

"लाइनीत! लाइनीत! एका खेपेला एकच घागर! ए बाई, तुझा नंबर तिच्यामागे, माझ्याकडे काय बघतेस?"

हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. नळ आला की पहिली घागर काकांच्या घरची लागायची. कुणी बघितलंच तर म्हणायचे, "ही ड्यूटीची घागर आहे."

माझ्या खोलीखाली एक काकू राहायच्या. एकट्या. खानावळ चालवायच्या. अकरा जण जेवायचे, त्यातला मी एक. चार घागरी मिळाल्या तर ऑफिसवाल्यांची पानं वेळेवर, नाहीतर बोंब. काकांच्या राज्यात त्यांना चार घागरी रोज मिळायच्या. ह्याकडे माझं लक्षच नव्हतं. मला जेवण मिळत होतं, बस.

त्या वर्षी कोरियात लढाई चालू होती. पेपरात रोज नकाशे. आमच्या बाखळीच्या गणपतीत एक दिवस वादविवाद असायचा, त्यात बाखळीतल्याच एका मास्तरांनी विषय ठेवला: बड्या राष्ट्रानं जगाचा पोलीस व्हावं का? माझ्या वाट्याला 'होऊ नये' ही बाजू आली. कोरिया डावीकडे की उजवीकडे, हेसुद्धा मला नकाशात शोधावं लागलं. मुद्दे काही सुचेनात. म्हटलं, आपल्याला मुद्दे हवेतच कशाला? गळा आहे ना!

हवालदारकाकांकडे गेलो.

"काका, पट्टा देता का एक दिवस? गणपतीत बोलायचंय. त्यात पोलिसाचं काम आहे."

"पोलीस चांगला आहे की वाईट?"

"एकदम चांगला, काका." मी पापणीसुद्धा हलवली नाही.

त्यांनी तिथल्या तिथे चिंच मागवली आणि बकल घासत बसले. मग पट्टा माझ्या कमरेला लावून बघितला. माझी कंबर म्हणजे काय, काडी. पट्टा सुळकन खाली. "थांब," म्हणाले, आणि खिळा-हातोडी घेऊन त्यांनी इतक्या वर्षांच्या पट्ट्याला माझ्या मापाचं एक नवीन भोक पाडलं. "आता बस खणखणीत बोल. मी पुढेच बसणार आहे."

मला त्या वेळी थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, हेच सांगायला हे लिहितोय.

आधी समोरच्या बाजूचा मुलगा बोलला. अगदी साधा. नाकात बोलायचा. म्हणाला, "दांडगा माणूस दुबळ्याला मारत असेल, तर आपण उभं राहून बघायचं का?" बस, एवढंच त्यानं विचारलं. मी उठलो आणि तोच प्रश्न त्याच्या नाकातून म्हणून दाखवला. लोक हसले. उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

मग मी बंडीवर पट्टा चढवला आणि आवाज काढला. "ए कोरिया! लाइनीत! तू उत्तरेचा, मागे! तू दक्षिणेचा, पुढे ये! मला कुणी बोलावलंय का? कुणी नाही! मी आपला आपणच आलोय!" बाखळीनं आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. काकाही हसत होते. शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होते, "पट्टा माझा आहे." मग मी एक घागर उचलून मधोमध ठेवली आणि म्हटलं, "आणि जगातलं पहिलं पाणी कुणाचं? ही ड्यूटीची घागर आहे!"

बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. पोरं तर लोळायचीच बाकी होती. काकांचा हात आपसूक कमरेला गेला, पट्टा असायचा तिथे. तिथे नुसती बंडी होती.

ते उठून गेले नाहीत. आरती व्हायच्या आधी गणपतीसमोरून उठायचं नसतं, म्हणून बसून राहिले. प्रसाद वाटायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी माझ्याकडून तो दोन्ही हातांनी घेतला. पहिलं बक्षीस मला मिळालं, फाउंटन पेन.

दुसऱ्या दिवशी पट्टा परत द्यायला गेलो. काकांनी हात पुढे केला नाही.

"राहू दे. तुझ्या मापाचा झालाय आता."

त्या दिवसापासून ते नळावर आले नाहीत.

पहिले दोन दिवस मजाच वाटली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघा भावांनी नळाला रबराचा पाइप लावला आणि थेट आपल्या टाकीत सोडला. दोघेही तालमीत जाणारे. कुणी बोललं की इंदुरी थाटात, भैयाचं भिया करून म्हणायचे, "भिया, नळ काय तुमच्या बापाचा आहे?" काकूंना त्या दिवशी दीड घागर मिळाली. ऑफिसवाले उपाशी गेले. त्यातले दोघे म्हणाले, "काकू, असंच असेल तर आम्ही दुसरी खानावळ बघतो."

चौथ्या दिवशी पाइप परत लागला. मी वर खिडकीत उभा. मला वाटलं, अरे, औषध तर माझ्या गळ्यातच आहे! मी आत सरकून, दिसणार नाही असा उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो, "लाइनीत! पाइप काढ रे आधी!"

काय सांगू, सगळे हलले. थोरल्या भावानं पाइप खरंच काढला. बायका पटापट लाइनीत लागल्या. काकूंची घागर नळाखाली गेली. मग धाकट्यानं वर बघितलं.

"अरे, ये तो अपना बहुरूपिया है! बड़े भिया, लगाओ वापस!"

काकूंची अर्धी घागर बाजूला सारून पाइप पुन्हा चढला. सगळे हसले, पण गणपतीतलं हसणं वेगळं होतं. काकू हसल्या नाहीत. वर बघून म्हणाल्या, "बाळा, भाषण जिंकलास ना रे तू? मग आता पाणी दे."

दुपारी मी हवालदारकाकांकडे गेलो. पाया पडलो. म्हटलं, "काका, चुकलं माझं. मी खोटं बोललो."

"पट्टा मागताना खोटं बोललास. स्टेजवर काय खोटं बोललास?" ते शांतपणे म्हणाले. "मला कुणी बोलावलं नव्हतं, हे खरं. माझी घागर पहिली लागायची, हेही खरं. मला वाटायचं, एवढं तर चालतंच. तुम्ही सगळे हसलात तेव्हा कळलं, की कुणालाच ते चाललं नव्हतं."

"पण काका, त्या काकूंचं—"

"माहीत आहे. सगळं ऐकू येतं मला इथे बसून."

"मग उद्या या ना."

ते उठून आत गेले.

सकाळी आले. पट्टा नाही, आवाज नाही. हातात घागर. आणि लाइनीत सगळ्यांत शेवटी, माझ्याही मागे, उभे राहिले. नळाला पाइप होताच. सगळी बाखळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते माझ्याकडे बघत होते.

मी तोंड उघडलं. त्यांचा आवाज काढायची माझी हिंमत नव्हती. माझा स्वतःचा आवाज निघाला, आणि तो कसा आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं. बारीक, हातोदच्या बाजारात हरवलेल्या पोरासारखा. "पाइप काढा, भिया. काकूंचा नंबर आहे."

"ही कुणाची नक्कल रे?" थोरला म्हणाला.

"कुणाची नाही," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. काकूंनीच पुढे होऊन पाइप उपटला. त्यांच्यामागच्या बाईनं आपली घागर पाइपवर ठेवली आणि तिच्यामागची येऊन शेजारी उभी राहिली. भाऊ बडबडत राहिले. पण लाइन हळूहळू सरकली. एवढ्या गडबडीत अर्धा वेळ गेलेला. माझी घागर भरली आणि पाणी गेलं.

मागे काका उभे, रिकाम्या घागरीनिशी. "ही घ्या ना, काका," मी म्हटलं.

"नंबर तुझा होता," ते म्हणाले. रिकामी घागर त्यांनी खांद्यावर घेतली, भरलेली घ्यावी तशी, आणि घरी गेले.