वावरात गेलेली विहीर

मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही. घरचे म्हणतात, तुझ्या तोंडून नुसतं 'बरं आहे' ऐकायलाही नशीब लागतं. त्यामुळे अकोल्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चाचांबद्दल मी लिहायला बसले, याचं मलाच नवल वाटतंय. चाचा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मूर्तिजापूर, पातूर, अमरावती असं फिरत त्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या वावरांचे धुरे मोजण्यात घालवली. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध, आणि भांडणाचं हमखास कारण.

मीही जमिनीचंच काम करते, पण खुर्चीत बसून. लढाई संपलेल्या देशांत सुरुंग जमिनीत तसेच राहून जातात. ते काढणाऱ्या पथकांची माहिती एका सॉफ्टवेअरमध्ये भरली जाते, आणि त्यातले नकाशे त्या त्या देशाप्रमाणे बसवून देणं हे माझं काम. संशयित जमीन लाल, साफ झालेली हिरवी. रंगांचं सोपं असतं, किचकट असते ती कोऑर्डिनेट सिस्टीम. जुन्या कागदांवरचे आकडे कोणत्या देशाच्या कोणत्या मोजणीतून आले, हे सॉफ्टवेअरला नेमकं सांगावं लागतं. चुकीचं सांगितलं तरी ते कुरकुर करत नाही, नकाशा गुपचूप बाजूला सरकवतं.

त्या आठवड्यात समुद्रापलीकडच्या एका गावाचा नकाशा माझ्याकडे होता. तिथल्या पथकाच्या प्रमुख बाईंनी कळवलं होतं की एका विधवेचं भाताचं शेत सोमवारी तिच्या ताब्यात द्यायचंय. तिचा नवरा त्याच शिवारात सुरुंगावर पाय पडून गेला होता. शेत साफ झाल्याची नोंद एका जुन्या पथकाच्या कागदांवर होती. मी ते आकडे भरले, हिरवा तुकडा उपग्रहाच्या चित्रावर उमटला आणि तिच्या शेतावर असा चपखल बसला की मी स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात चाचा वर आले. त्यांना पेन्शनीसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून भरायचा होता. घरच्यांना अंगठा घेणारं यंत्र सापडेपर्यंत ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि मागे कोणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं.

"हे हिरवं काय होय?"

"साफ झालेली जमीन, चाचा."

"आन विहीर कुठी हाय?"

"विहिरीचं काय काम? शेत दिसतंय ना समोर."

"बेटा, भांडन धुऱ्याचं असलं तरी आमी टेप पयले विहिरीवर लावो. धुऱ्याचा दगड सरकवता येते, विहीर कोनी सरकवत नाही. विहीर जुळली का मंग बाकीचं."

त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी कागद उलटले. जुन्या पथकाने गावची विहीर खुणेसाठी मोजून ठेवली होती. ते आकडे त्याच पद्धतीने टाकले. विहीर पडली एका वावराच्या मधोमध. खरी विहीर, गोल काठाची, चित्रात साठेक मीटर लांब देवळाशेजारी स्वच्छ दिसत होती.

"इतका फरक चालतो," मी ठोकून दिलं.

"इतका तं आमची साखळी ओढनारा कोतवाल बी चुकत नव्हता," चाचा शांतपणे म्हणाले.

मला राग आला, कारण ते बरोबर होते. मग मी कोऑर्डिनेट सिस्टीमची यादी पुन्हा उघडली. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचं एकच नाव त्या यादीत चार-पाच देशांपुढे होतं. याआधी अमरावतीला नकाशांच्याच नोकरीत होते, तेव्हा मी वर्षानुवर्षं आपल्या देशाची ओळ निवडत आले होते, तसंच बोट याही वेळी आपल्या ओळीवर गेलं. देश त्यांचा आणि मोजणी आमची. योग्य ओळ निवडली तशी विहीर विहिरीवर जाऊन बसली, आणि हिरवा तुकडा सरकून तिच्या शेताचा पूर्वेकडचा पट्टा उघडा पडला, म्हणजे तो कोणी साफ केलाच नव्हता.

चूक माझी आहे असं लिहून कळवताना जिवावर आलं. चाचा तोवर शेजारी बसून होते. सोमवार रद्द झाला. प्रमुख बाईंनी परत कळवलं की त्या विधवेची रोपं तयार आहेत, ती कार्यालयाच्या दारात येऊन बसलीय, आणखी थांबायला तयार नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. एक मन म्हणत होतं, पट्ट्यात काही नसेलच, उगाच त्या गरीब बाईचा हंगाम बुडवला.

तीन आठवड्यांनी मेल आली. पट्ट्यात एक सुरुंग सापडला होता. पथकाने तो निकामी केला, शेत ताब्यात दिलं, आणि बाईने राहिलेली रोपं लावायला घेतली. सुरुंगाच्या जागेचे आकडे सोबत होते. मला राहवेना. आधीचा चुकीचा नकाशा मी पुसला नव्हता. त्यावर ती जागा टाकून पाहिली, तर ती माझ्या हिरव्या रंगात पडली, पूर्वेच्या बाजूला, पण काठापासून चांगली आत.

मी तशीच खाली गेले. चाचा दारात सुपात लसूण सोलत बसले होते. सांगायचं खूप होतं, पण अर्ध्यावरच मला रडू फुटलं. त्यांनी सूप बाजूला सारून मला बसायला जागा केली.

"काहून रडून राहिली, बेटा?" ते म्हणाले. "थे बाई तं चालून राहिली ना वावरात."