अडलेल्या घराचं उत्तर

संख्यात्मक संशोधन चांगलं की गुणात्मक, असं कुणी परिसंवादात विचारलं की माझं डोकं फिरतं. वरण चांगलं की भात, असं विचारण्यातला हा प्रकार. आकड्यांशी माझं वैर नाही. टक्केवारी काढायला मला मनापासून आवडतं, कॅल्क्युलेटर आजही पर्समध्ये असतो. वैर आहे ते आकड्यांची पूजा मांडणाऱ्यांशी, आणि त्यातले एक माझे पीएच.डी.चे गाइड होते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की घरी बसा. कायम जागा निघणार होती, पण ती पीएच.डी. झालेल्यालाच मिळणार होती. पुन्हा तशी जागा कधी निघेल, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. माझा विषय होता पश्चिमेच्या डोंगरातल्या कुटुंबांचं हंगामी स्थलांतर. भात-नागली काढून झाली की ही माणसं द्राक्षबागांवर कामाला येतात आणि पेरणीच्या तोंडावर परत जातात. घरातून कोण जातं, किती काळ जातं, घरचं धान्य किती महिने पुरतं, अशी प्रश्नावली सरांनी स्वतः तपासून दिली होती.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटीनं मी एका गावाला गेले. कोणतं गाव ते विचारू नका. पेठकडचं की सुरगाण्याकडचं, तेही विचारू नका. मी येणार असल्याचा निरोप आधीच धाडला होता. लोकांनी घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला आणि घरोघरी न कुरकुरता उत्तरं दिली. एवढं सहकार्य बघून मी खूश. तक्ते बघून सरही खूश. धान्य किती महिने पुरतं, या प्रश्नाला अख्ख्या गावाचं एकच उत्तर होतं. याला म्हणतात स्वच्छ डेटा, असं म्हणत त्यांनी तो कागद शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांनाही दाखवून आणला.

मला मात्र ती स्वच्छता खुपायला लागली. एका घरात धान्याची कणगी गळ्यापर्यंत भरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. शेजारच्या घरात कणगी होती, पण तिच्या आत चपला ठेवल्या होत्या, इतकी ती रिकामी. दोन्ही घरांचं धान्य सारखेच महिने कसं पुरेल? सरांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही कणग्या बघायला गेला होता की उत्तरं घ्यायला?

मग मी परत गेले, प्रश्नावली घरी ठेवून. आवणी चालू होती, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायचं काम. जिच्याकडे उतरले ती माझ्याच वयाची, जिभेची तिखट बाई. माझी रोपांची ओळ बघून म्हणाली, ही काय म्हशीनं लावली का? माझी कंबर मोडली, पायाला जळवा लागल्या, पण हळूहळू मी तिथे आहे हे लोक विसरले. चिखलात वाकून असताना माणसं काय काय बोलतात! कुणाचा नवरा बागेवर मार खाऊन आला, कुणी पोरं आईकडे टाकून गेली. मी काही विचारतच नव्हते. आणि एके दिवशी मान वर न करता ती बाई म्हणाली,

"तू येणार म्हून आदल्या सांजेला बसून ठरवलं व्हतं, काय सांगायचं ते. जे घर लय अडलंय, त्याचं उत्तर तेच समद्यांचं उत्तर."

मी तशीच हातात रोपं धरून उभी राहिले. मग तिनं सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी दारिद्र्यरेषेच्या यादीसाठी असाच एक कागदवाला आला होता. एका म्हाताऱ्यानं यंदा भात जोरात आल्याचं त्याला कौतुकानं सांगितलं. त्यानं तेच ओळीतल्या सगळ्या घरांना लावलं आणि सगळ्यांचीच नावं उडाली. त्यात एक अशी विधवा होती, जिच्याकडे भाताचं खाचरच नव्हतं. तेव्हापासून गावानं ठरवलं, की कागद घेऊन कुणीही येवो, सगळ्यात अडलेल्या घराचं उत्तर द्यायचं. म्हणजे निदान ते घर तरी बुडणार नाही. मी गेले त्या वर्षी ते घर त्याच विधवेचं होतं.

म्हणजे बघा, माझा आकडा खोटा नव्हता. तो खराच होता, फक्त एका घराचा. मी गावभर प्रश्नावल्या भरल्या, पण मुलाखत झाली होती त्या विधवेची. हे मला तक्ता हजार वर्षं सांगू शकला नसता. आणि तक्ता नसता, तर उत्तरं सारखी आहेत हे माझ्याही ध्यानात आलं नसतं. आता सांगा, वरण की भात?

मी प्रबंधात तक्ता ठेवला आणि त्याच्यामागे हे प्रकरण लिहिलं, गावाचं नाव न देता. सर भडकले. गोष्टीच लिहायच्या तर दिवाळी अंकात लिहा, म्हणाले. आकडा बोलतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पढवलेला पोपटही बोलतो सर, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानंतर त्यांनी शांतपणे अट घातली. परिशिष्टात गावाचं नाव आणि सांगणाऱ्या बाईचं नाव. नाहीतर प्रकरण काढा.

"तक्ता ठेवते, सर. प्रकरणही ठेवते. नाव देणार नाही."

"मग माझी सही मिळणार नाही."

मी फाइल उचलली आणि बाहेर पडले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लिहून टाक ते नाव, कोण जातंय तिथे बघायला? पण जायला कुणीतरी जातंच ना. कागदवाले जातातच. या गावात ठरवून उत्तरं देतात असं छापून आलं असतं, तर यादीत कसंबसं परत आलेलं त्या विधवेचंच नाव पहिलं उडालं असतं. माझ्या नोकरीसाठी तिच्या घरातला रेशनचा तांदूळ मी काढून घेणार नव्हते. जागा निघाली ती दुसऱ्याला मिळाली. पुढे दुसरे गाइड मिळाले, त्याच प्रकरणासकट पदवीही मिळाली, पण फार उशिरा. तोंडी परीक्षेतही गाव विचारलंच. मी तिथेही नाही म्हणाले.

जागा गेली त्या दिवाळीत मी गावाला गेले होते. सही का मिळाली नाही ते त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्याच गावाचं नाव ठोकून द्यायचं व्हतं की. हे मात्र मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्या दुसऱ्या गावाचं काय, असं मी म्हणाले. ती उठून बाहेर गेली ती चांगलीच उशिरा आली. हातात पिशवी होती, नव्या तांदळाची. घरोघर फिरून प्रत्येकाकडून थोडा थोडा घेतला होता. त्या विधवेच्या घरचाही होता, तिला मजुरीत मिळालेला. मला लाजल्यासारखं झालं. अगं, मी शहरातली, शिकलेली, मला कशाला, असं म्हणत मी पिशवी मागे ढकलली. तिनं ती पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली.

"घे गुमान. यंदा अडलेलं घर तुझं हाय."

येताना एसटीत ती पिशवी मी खाली ठेवली नाही. गावाचं नाव तेव्हा सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही.